परतीची वाट आणि वाटेवरचीं नाकीं

आपल्या देशाच्या ईशान्य टोंकास मणिपूर व मिझोराम ह्या राज्यांत 'बनेई मेनाशे' नांवाची एक लहानशी जमात आहे. तिच्यांतील उरलेल्या सुमारें ५,८०० मंडळींस २०३० पर्यंत आपल्या देशांत नेऊन वसवावें, असा ठराव इस्रायलच्या मंत्रिमंडळानें नोव्हेंबर २०२५ मध्यें केला. ह्या लोकांचे आजे-पणजे मिशनऱ्यांच्या उपदेशानें ख्रिस्ती झालेले होते. परंतु त्याही पलीकडचे आपले पूर्वज इस्रायलाच्या हरवलेल्या दहा कुळांपैकीं मनश्शेच्या कुळांतले, अशी त्यांची श्रद्धा आहे. आणि म्हणून आपण नवा धर्म स्वीकारीत नसून जुन्या घरीं परत चाललों आहों, असें त्यांचें म्हणणें आहे. इस्रायलांतील धर्माधिकारी त्यांस घरांत घेतात खरे, पण घेतांना त्यांजकडून यहुदी धर्माची विधिपूर्वक दीक्षा नव्यानें घेववितात. येणारा म्हणतो, मी परत आलों. दार उघडणारा म्हणतो, तूं पहिल्यानेंच आलास. आमच्या व्यापारी वाचकांस हा भेद निव्वळ शब्दांचा वाटेल. परंतु जुनें खातें पुढें चालविणें आणि नवें खातें उघडणें ह्यांत काय अंतर आहे, हें त्यांच्याइतकें दुसरें कोण जाणतो? जुन्या खात्यावर मागची बाकी असते, तशी मागची पतही असते.

यहुदी धर्म सोडून गेलेल्या मनुष्यास परत यावयाचें झालें तर त्यास कोणत्या दारानें घ्यावें, हा प्रश्न आजचा नाहीं. निदान एक हजार वर्षें तो वाजत आलेला आहे. त्याचीं अंगें तीन. धर्म सोडणारा मनुष्य शास्त्राच्या दृष्टीनें यहुदी उरतो कीं नाहीं, हें पहिलें. उरत असल्यास त्याच्या परतण्यास जमातीनें कोणत्या अटी घालाव्या, हें दुसरें. आणि त्या परतण्याशीं दिवाणी हक्क निगडित झाले म्हणजे निवाडा कोणीं करावा, हें तिसरें. हीं तीन अंगें एकमेकांत मिसळल्यामुळेंच ह्या विषयांत इतका घोटाळा माजला आहे, असें आमचें मत आहे. सबब तीं निरनिराळीं करून पाहूं.

प्रथम शास्त्र. तालमूद ह्या यहुद्यांच्या महाग्रंथांत एका रब्बीच्या नांवें एक तत्त्व नमूद आहे. त्याचा आशय असा कीं, इस्रायलाच्या हातून पाप घडलें तरी तेवढ्यानें त्याचें इस्रायलपण लयास जात नाहीं. मूळ ठिकाणीं हें तत्त्व धर्मांतराला उद्देशून सांगितलेलें नाहीं. फ्रान्समधील त्र्वा नगरचे महापंडित राशी (१०४०–११०५) यांनीं तें उचलून त्यास कायद्याच्या सूत्राचें रूप दिलें, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या यहुद्यासही तें लागू केलें. तेव्हांपासून बहुतेक शास्त्रकारांचा कल असा राहिला कीं, यहुदीपण हें मंडळीच्या सभासदत्वासारखें नाहीं कीं वर्गणी थांबली म्हणजे नांव कमी झालें. तें रक्ताच्या नात्यासारखें आहे. मुलगा घर सोडून गेला, बापाशीं बोलेनासा झाला, तरी तो मुलगाच असतो. सोळाव्या शतकांत क्राकोचे रब्बी मोझेस इसर्लेस यांनीं परतणाऱ्याचा विधि स्पष्ट करून ठेविला: मूळ शास्त्राप्रमाणें त्यास स्नानाचीही गरज नाहीं, परंतु रब्बींच्या निर्बंधाप्रमाणें त्यानें शुद्धिस्नान करावें आणि तीन जणांसमक्ष धर्मनियम पाळण्याचा स्वीकार करावा. परक्या मनुष्यास जी दीक्षा लागते ती ही नव्हे. हिब्रू भाषेंत पश्चात्तापाला 'तशुवा' असा शब्द आहे, आणि त्याचा मूळ अर्थच मुळीं परतणें असा आहे, हें येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

हें तत्त्व उदार आहे. पण तें दुधारी आहे, हेंही सांगितलें पाहिजे. जें दार जाणाऱ्याच्या मागें बंद होत नाहीं, तें मागें राहिलेल्यांसही मोकळें करीत नाहीं. नवऱ्यानें धर्म सोडला तरी त्याचें लग्न शास्त्रदृष्ट्या कायमच राहिलें. त्यानें आपण होऊन फारकतपत्र दिल्यावांचून त्याच्या पत्नीस दुसरा संसार नाहीं. नवरा निपुत्रिक मेला आणि त्याचा भाऊ बाप्तिस्मा घेऊन गेलेला असला, तरी राशींच्या मतें तो दीरच. त्या विधवेनें त्याच्याकडूनच मोकळीक मिळविली पाहिजे. ती न मिळाल्यास तिनें जन्मभर अडकून पडावें! 'गेला तरी तो आपलाच' ह्या थोर तत्त्वाची किंमत कित्येक शतकें बायकांनीं भरलेली आहे, ही गोष्ट त्या तत्त्वाची स्तुति करतांना सुधारणेच्या कैवाऱ्यांनीं विसरतां कामा नये.

आतां जमातीकडे वळूं. शास्त्रांतील तत्त्वाची कसोटी १०९६ सालीं लागली. पहिल्या क्रूसयुद्धास निघालेल्या झुंडींनीं ऱ्हाइन नदीच्या कांठच्या स्पायर, वर्म्स व माइन्त्स येथील यहुदी वस्त्यांवर हल्ले करून 'बाप्तिस्मा कीं मरण' असा सवाल टाकला. हजारों लोकांनीं मरण पत्करलें. कित्येकांनीं जीव वांचविण्यासाठीं डोक्यावर पाणी घेतलें. रेगेन्सबर्गच्या यहुद्यांस तर सरसकट नदींत लोटून ख्रिस्ती ठरविण्यांत आलें. पुढच्याच वर्षीं सम्राट चौथा हेन्री यानें अशा लोकांस स्वधर्मास परतण्याची मोकळीक दिली. पण परत यावयाचें तें कोणामध्यें? ज्यांचे आईबाप, भाऊबंद धर्मासाठीं मेले होते, त्यांच्यामध्यें. आमच्या माणसांनीं प्राण दिले आणि तूं वांचलास, हा आरोप तोंडानें केला नाहीं तरी डोळ्यांनीं होतोच. अशा वेळीं राशींनीं परतणाऱ्यांस दूर लोटूं नका असा कौल दिला. त्यांच्याही आधीं, अकराव्या शतकाच्या आरंभीं, माइन्त्सचे रब्बी गेर्शोम यांनीं असा दंडक घातला होता कीं, परत आलेल्यास जो कोणी त्याच्या मागल्या दिवसांची आठवण देऊन हिणवील, त्यावर बहिष्कार पडेल.

आमच्या मतें ह्या सर्व इतिहासांत हा एक दंडक सर्वांत मोलाचा आहे. परत येणाऱ्यास घ्यावें कीं न घ्यावें, ह्याची चर्चा करणारे पंडित सर्वत्र असतात. पण घेतल्यानंतर त्याच्याशीं कसें वागावें, आणि न वागणाऱ्यास शिक्षा काय, हें कायद्यानें सांगणारा धर्मशास्त्री विरळा. रब्बी गेर्शोम यांनीं ओळखलें कीं, दार उघडें ठेवून उंबऱ्यावर टोमणे मारणारीं माणसें उभीं केलीं, तर तें दार बंद केल्यासारखेंच आहे. म्हणून त्यांनीं शिक्षेचा रोख परतणाऱ्याकडून काढून हिणविणाऱ्याकडे वळविला.

दीडएकशें वर्षांनीं हाच प्रश्न मुसलमानी मुलखांत उभा राहिला. उत्तर आफ्रिका व स्पेन येथील अल्मोहाद राज्यकर्त्यांनीं यहुद्यांस इस्लामचा स्वीकार करण्यास भाग पाडलें. तेव्हां एका पंडितानें असा निकाल दिला कीं, ज्यानें तोंडानें इस्लामची कबुली दिली, त्यानें घरांत कितीही धर्म पाळला तरी तो व्यर्थ होय. त्यावर मैमोनिडीज ह्या तत्त्ववेत्त्यानें कडक पत्र लिहून त्या मताचें खंडन केलें. जुलमाखालीं उच्चारलेले शब्द हे मनुष्याचे स्वतःचे शब्द नव्हेत. त्यानें गुप्तपणें पाळलेला लहानसा नियमही फुकट जात नाहीं. मात्र संधि मिळतांच त्यानें तो मुलूख सोडून मोकळेपणीं धर्म पाळतां येईल तेथें जावें, असें त्याचें सांगणें होतें. कायद्याच्या अभ्यासकास हें नवें वाटणार नाहीं. जबरीनें घेतलेली सही सही नव्हे, हें करारांच्या कायद्यांतलें तत्त्व येथें धर्मास लाविलेलें आहे, इतकेंच.

परंतु समोर दुसरा दावेदार उभा होता, आणि त्याचा कायदा नेमका उलट होता. ६३३ सालीं टोलेडो येथील चौथ्या धर्मपरिषदेनें यहुद्यांस बळानें ख्रिस्ती करूं नये असें म्हटलें; पण त्याच श्वासांत असेंही म्हटलें कीं, जे एकदां केले गेले त्यांनीं ख्रिस्तीच राहिलें पाहिजे. १२६७ सालीं पोप चौथा क्लेमेंत यानें परत यहुदी होणाऱ्यांची चौकशी करण्याचा अधिकार धर्मन्यायाधीशांस दिला. एका बाजूचें शास्त्र म्हणे, यहुद्यास यहुदीपण टाकतां येत नाहीं. दुसऱ्या बाजूचें म्हणे, बाप्तिस्मा पुसतां येत नाहीं. दोन्ही तत्त्वें वरून सारखींच दिसतात. फरक एवढाच, पण तो जीवनमरणाचा, कीं पहिल्याच्या हातीं परत येणाऱ्यासाठीं स्नानाचें पाणी होतें, आणि दुसऱ्याच्या हातीं परत जाणाऱ्यासाठीं सरण.

तें सरण पेटलें स्पेन आणि पोर्तुगालमध्यें. १३९१ च्या दंगलींत स्पेनमधील हजारों यहुद्यांनीं जिवाच्या भीतीनें बाप्तिस्मा घेतला. १४८० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मचौकशीचें न्यायालय, तेथें काम करूं लागलें. उघड यहुदी असलेल्यावर ह्या न्यायालयाचा अधिकार चालत नसे. अधिकार चाले तो बाप्तिस्मा घेतलेल्यावर. म्हणजे यहुदी असणें हा गुन्हा नव्हता, यहुदी धर्माकडे परतणें हाच गुन्हा होता! १४९२ सालीं उघड यहुद्यांसही स्पेनमधून हांकून दिलें. त्यांपैकीं पुष्कळ शेजारच्या पोर्तुगालांत गेले. तेथें १४९७ सालीं राजा मानुएल यानें त्यांस बाहेर जाऊं न देतां सक्तीनें ख्रिस्ती केलें, आणि वीस वर्षें तुमच्या आचाराची चौकशी होणार नाहीं असें वचन दिलें. कुळांस जमिनीवर आणून बसवावें आणि मुदत भरतांच खंडाची बाकी एकदम वसूल करावी, तसा हा प्रकार. १५३६ सालीं पोर्तुगालांतही इन्क्विझिशन आलें.

तेथून तें गलबतांत बसून आमच्या किनाऱ्यास आलें. गोव्यांत १५६० सालीं त्याची स्थापना झाली आणि मधलीं कांहीं वर्षें वगळतां १८१२ पर्यंत तें चाललें. गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याचें नांव आमच्या कांहीं वाचकांस ठाऊक असेल. १५३४ सालीं तो हिंदुस्थानांत आला. मुंबई बेट कांहीं काळ त्याच्याकडे खंडानें होतें. येथील औषधी वनस्पतींवर त्यानें लिहिलेला ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. हा नामांकित मनुष्य सक्तीनें ख्रिस्ती झालेल्या यहुद्यांच्या कुळांतला. १५६८ सालीं तो मरण पावला. १५६९ सालीं त्याची बहीण कातारीना हिला गुप्तपणें यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यांत जाळण्यांत आलें. आणि त्या चौकशीच्या जबान्यांत त्याचेंही नांव निघाल्यामुळें १५८० सालीं त्याचीं हाडें थडग्यांतून उकरून जाळलीं. ज्याच्या ग्रंथानें हिंदुस्थानांतील औषधींचें ज्ञान युरोपास दिलें, त्याच्या हाडांसही मनानें कोठें परतावें ह्याची मुभा नव्हती.

जे निसटले त्यांपैकीं पुष्कळ अ‍ॅम्स्टरडॅमला पोंचले. तेथें राज्याची आडकाठी नव्हती; सिनेगॉगें उभीं राहिलीं; तीन-चार पिढ्या ख्रिस्ती नांवांनीं वावरलेलीं कुटुंबें उघडपणें यहुदी झालीं. पण येथें एक निराळीच अडचण आली. ह्या लोकांनीं जपलेला धर्म आठवणींचा होता. समोर आलेला धर्म ग्रंथांचा आणि रब्बींचा होता. पोर्तो शहरांत ख्रिस्ती म्हणून वाढलेला उरिएल द कोस्ता मोठ्या उत्कंठेनें परत आला, आणि बायबलांत न सांगितलेले इतके नियम कोठून आले, असें विचारूं लागला. जमातीनें त्यास बहिष्कृत केलें. त्याच्या नांवावर असलेल्या आत्मवृत्ताप्रमाणें, पुन्हां आंत घेतांना त्यास भर सिनेगॉगांत फटके मारण्यांत आले आणि उंबऱ्यावर निजवून लोक त्यास ओलांडून गेले. १६४० सालीं त्यानें आत्महत्या केली. ज्या जमातीनें परकी चौकशी भोगली, तिनें आपल्या दारांत स्वतःची चौकशी मांडली! आम्ही हें त्या जमातीस दूषण देण्यासाठीं सांगत नाहीं. नुकतीच जुळलेली, परक्या राज्यांत आश्रयानें राहणारी मंडळी शिस्तीस जपते, हें आम्ही जाणतों. पण रब्बी गेर्शोमांचा दंडक त्या दिवशीं त्या उंबऱ्यावर कोणास आठवला असता, तर बरें झालें असतें.

तेथून पुढें खरा झगडा पुराव्याचा आहे. १३९१ च्या दंगलीनंतर स्पेनमधून अल्जीर्स येथें पळून गेलेल्या रब्बींनीं, मागें राहिलेल्या सक्तीच्या ख्रिस्त्यांचीं मुलेंबाळें यहुदीच मानावीं असा निर्णय दिला होता. पण दोनशें, तीनशें, पांचशें वर्षांनंतर आईच्या बाजूची अखंड वंशावळ कोणीं दाखवावी? पोर्तुगालच्या डोंगराळ भागांतील बेल्मोंत गांवीं १९१७ सालीं श्वार्त्स नांवाचा एक पोलिश यहुदी खाणतज्ज्ञ गेला, तेव्हां तेथें गुप्तपणें यहुदी धर्म पाळणारीं कुटुंबें त्यास आढळलीं. जगांत आपल्याखेरीज कोणी यहुदी उरला असेल ह्यावर त्यांचा विश्वास बसेना. अखेर त्यानें म्हटलेल्या हिब्रू प्रार्थनेंत 'अदोनाय' हा एक शब्द ऐकल्यावर त्यांच्यांतील म्हाताऱ्या बायकांनीं त्यास आपला मानलें. पुरुष भीतीनें विसरले तें बायकांनीं स्वयंपाकघरांत जपलें होतें. ह्या लोकांजवळ कागद एकही नव्हता. त्यांच्या गांवीं १९९६ सालीं सिनेगॉग उघडलें.

ह्याच देशांत पोर्तो शहरीं बारोस बास्तो नांवाचा लष्करी कप्तान झाला. गुप्त यहुद्यांच्या वंशांतला हा मनुष्य १९२० सालीं तांजीर येथें जाऊन विधिपूर्वक यहुदी झाला, आणि परतून इतरांस परत आणण्याच्या कामास लागला. त्याच्या खटपटीनें पोर्तो येथें मोठें सिनेगॉग उभें राहून १९३८ सालीं उघडलें. त्यास पैसा दिला तो कदूरी घराण्यानें. हें घराणें मूळचें बगदादचें, आणि त्याचा कर्ता पुरुष मुंबईस येऊन तेथून हाँगकाँगला गेलेला. परंतु सिनेगॉग उघडण्याच्या आदल्याच वर्षीं बारोस बास्तोस लष्करांतून काढून टाकण्यांत आलें होतें. १९६१ सालीं तो वारला. पोर्तुगालच्या संसदेनें त्याच्यावरील अन्याय मान्य केला तो २०१२ सालीं!

माजोर्का बेटावरील गोष्ट याहून चमत्कारिक आहे. तेथें बाप्तिस्मा घेतलेल्या यहुद्यांच्या वंशजांस 'शुएता' म्हणत. १६९१ च्या जाळपोळीनंतर तीं कुटुंबें चर्चमध्यें नियमानें जाऊं लागलीं, तरी शेजारी त्यांस मुलगी देईनात कीं त्यांची करीनात. म्हणून त्यांचीं लग्नें आपसांतच होत राहिलीं. ह्या गोष्टीचा विचार करून इस्रायलांतील एक मान्यवर रब्बी निस्सीम कारेलित्स यांनीं २०११ सालीं, अशा अखंड कुळांतले लोक यहुदीच होत असा अभिप्राय दिला. ज्या तिरस्कारानें त्यांस तीन शतकें छळलें, त्या तिरस्कारानेंच त्यांचा पुरावा सांभाळून ठेविला. पण ज्यांस शेजाऱ्यांनीं सामावून घेतलें, त्यांचा पुरावा मात्र त्या सलोख्यांत विरघळून गेला. केवळ पुराव्याच्या कसोटीवर भिस्त ठेवली म्हणजे न्याय कोठें जाऊन पोंचतो, ह्याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां तिसरें अंग, राज्य. १९५० सालीं इस्रायलनें परतीचा कायदा केला. त्यानें जगांतील प्रत्येक यहुद्यास तेथें येऊन नागरिक होण्याचा हक्क दिला. हक्क उत्पन्न झाला कीं दावा आला, आणि दावा आला कीं व्याख्या आली. ओस्वाल्ड रूफायझेन हा पोलंडचा यहुदी. महायुद्धांत मीर गांवीं आपलें यहुदीपण लपवून तो जर्मन पोलिसांचा दुभाष्या झाला, आणि १९४२ सालीं कत्तलीची बातमी आधीं फोडून त्यानें तेथील सुमारें तीनशें यहुद्यांस पळून जाण्याची संधि दिली. पुढें एका ख्रिस्ती मठांत लपून असतां त्यानें बाप्तिस्मा घेतला, आणि नंतर तो कार्मेल पंथाचा साधु झाला. इस्रायलला येऊन त्यानें परतीच्या कायद्याखालीं हक्क मागितला. शास्त्राप्रमाणें तो यहुदीच होता. तथापि १९६२ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध एक मतानें ठरविलें कीं, हा कायदा ऐहिक आहे. त्यांतील 'यहुदी' शब्दाचा अर्थ लोकव्यवहारांतून घ्यावयाचा, आणि स्वेच्छेनें ख्रिस्ती साधु झालेल्यास सामान्य यहुदी माणूस यहुदी म्हणत नाहीं. १९७० सालीं कायद्यांतच दुरुस्ती होऊन, यहुदी मातेच्या पोटीं जन्मलेला किंवा दीक्षा घेतलेला, आणि अन्य धर्माचा अनुयायी नसलेला, अशी व्याख्या आली. रूफायझेनला सर्वसाधारण कायद्यानें नागरिकत्व मिळालें आणि १९९८ मध्यें मरेपर्यंत तो त्याच देशांत राहिला.

ह्या निकालावर पुष्कळांनीं टीका केली आहे. आमच्या मतें तो कायद्यास धरून होता. रूफायझेन परत येत नव्हता. आपण गेलोंच नाहीं असें त्याचें म्हणणें होतें. त्याच्या शौर्याबद्दल दुमत नाहीं, पण परतण्याच्या कायद्याचा लाभ परतणाऱ्यानें घ्यावा, हें म्हणणें अन्यायाचें नाहीं. मात्र ह्या खटल्यावरून एक गोष्ट ठळकपणें दिसून येते: राज्य जेव्हां धर्माच्या नांवावर हक्क वाटूं लागतें, तेव्हां न्यायाधीशास मनुष्याच्या अंतःकरणांत डोकावणें भाग पडतें, आणि तें काम कोणत्याही न्यायाधीशास झेपण्यासारखें नाहीं.

कोणी म्हणेल कीं, वाट इतकी सैल केली तर लुच्चे लोक शिरतील. उद्यां केवळ राहण्याच्या परवान्यासाठीं, किंवा चांगल्या मजुरीसाठीं कोणीही आपणांस परतलेला म्हणवील. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाहीं. परंतु त्याचें उत्तर परवान्याच्या नियमांत शोधावें, धर्माच्या दारांत नव्हे. राज्यानें जमीन, भत्ता, नागरिकत्व ह्यांच्या अटी हव्या तितक्या कडक कराव्या आणि त्या सर्वांस सारख्या लावाव्या. पण त्या अटींचें ओझें रब्बीच्या माथीं मारलें, म्हणजे तो पश्चात्ताप ऐकणारा न राहतां नाक्यावरचा कारकून होतो. आणि खरा पश्चात्ताप घेऊन आलेला मनुष्य लुच्चांच्या रांगेंत उभा राहतो.

हें निव्वळ कल्पनेचें भय नाहीं. आमच्या कोंकणपट्टींत शतकानुशतकें शनिवार पाळीत, तेलाचे घाणे चालवीत आलेल्या बेने इस्रायल मंडळींनीं यहुदी धर्म कधींच सोडला नव्हता. तरीही इस्रायलांत गेल्यावर १९६० नंतरच्या वर्षांत लग्नाच्या वेळीं त्यांच्या पूर्वजांची विशेष चौकशी करण्याचा हुकूम तेथील धर्मपीठानें काढला. मराठी बोलणाऱ्या त्या लोकांनीं जेरुसलेमांत धरणें धरलें. अखेर १९६४ सालीं संसदेनें लक्ष घातल्यावर त्या हुकुमांतून त्यांचें नांव निघालें. जे गेलेच नव्हते त्यांची ही कथा. मग जे गेले आणि परतले त्यांची काय असेल, ह्याचा अंदाज वाचकांनींच करावा.

ह्यावरून आम्हांस जें दिसतें तें थोडक्यांत असें. ज्यास बळानें नेलें, त्याच्या परतण्यास पुरावा मागणें हा दुसरा जुलूम होय. कारण त्याचे कागद जाळणाऱ्याच्या कृत्याचा भार त्यावर पडतो. अशा ठिकाणीं अनुमान परतणाऱ्याच्या बाजूनें असावें, आणि तें खोडण्याचा भार शंका घेणाऱ्यावर असावा. जो आपखुषीनें गेला त्यास शास्त्रानें स्नान आणि तीन साक्षीदार एवढीच अट घातली आहे. जमातीनें तीवर आपल्या रागाची जकात बसवूं नये. ज्याचें कुळच शास्त्रास सिद्ध होत नाहीं, त्या बनेई मेनाशेंसारख्यांस दीक्षा घ्यावी लागली तर त्यांत अपमान नाहीं. पण दीक्षेनंतर त्यांस दुय्यम समजणें, किंवा मोहिमेच्या आंकड्यांतील एक आंकडा समजणें, ह्यांत अपमान आहे. आणि मागें राहिलेल्या स्त्रियांस शतकानुशतकें अडकवून ठेवणारा जो नियम, त्याची सोडवणूक केल्यावांचून 'गेला तरी तो आपलाच' हें तत्त्व पुरतें उदार झालें असें आम्ही म्हणणार नाहीं.

विवेकस्वातंत्र्य म्हणजे आपला धर्म सोडण्याचें स्वातंत्र्य, असें सामान्यतः समजलें जातें. तें अर्धेंच आहे. जेथें जाण्याची मोकळीक आहे पण परतण्याची नाहीं, तेथें मनुष्य एका कोठडींतून दुसऱ्या कोठडींत गेला, इतकेंच म्हणतां येईल. बनेई मेनाशेंच्या तुकड्या येत्या चार-पांच वर्षांत विमानांनीं इस्रायलला पोंचतील. तेथील धर्माधिकाऱ्यांनीं त्यांच्या कपाळीं कोणताही शिक्का मारावा. परंतु त्यांच्या मुलांस तेथील शाळेंत कोणीं 'कालचे ख्रिस्ती' म्हणून चिडविलें, तर माइन्त्सच्या त्या वृद्ध रब्बीचा दंडक चिडविणाऱ्यास लागू करण्याची हिंमत त्यांनीं दाखवावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.